एक फेरा, अनेक निकाल

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत अहवाल, आठवणी, देणगीदारांची नामावली आणि शुभसंदेश असणार, हे ओघानेच आले. त्यांच्या पंक्तीला संगणकाच्या आज्ञांवरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आज जोयड्यासारख्या अरण्यमय तालुक्यातील मुलेही शिक्षणासाठी व नोकरीसाठी बेळगाव, पणजी, पुणे, बंगळूर अशा ठिकाणी जातात, आणि त्यांतील कित्येकांचा पोटापाण्याचा उद्योग हाच असतो. सुट्टीत घरी आलेला मुलगा "रात्रभर स्क्रिप्ट फिरत होती" असे म्हणतो, तेव्हा आईवडील कौतुकाने मान डोलावतात. पण काय फिरत होते, ह्याचा बोध त्यांना होत नाही. दुसरे असे की, शिष्यवृत्ती, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, परीक्षेची प्रवेशपत्रे ह्या सर्वांच्या याद्या आता संगणकच चालवितो. यादीतले एक नाव वाटेत गळले, तर त्याची झळ थेट घराला लागते. यास्तव ह्या अफाट विषयातील एकच गोष्ट आज आपण पाहू. ती गोष्ट अशी: एकच काम अनेकांसाठी करताना प्रत्येकाचा निकाल वेगळा टिपून ठेवणे आणि तो वाचून पाहणे.

फेरा म्हणजे काय?

संगणकाला क्रमाने करावयाच्या कामांचे जे लेखी आज्ञापत्र देतात, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. एकच काम पुन्हा पुन्हा करावयाचे असेल, तर ती आज्ञा दोनशे वेळा लिहीत बसावे लागत नाही. आज्ञा एकदा लिहावी, सोबत यादी जोडावी आणि 'यादीतील प्रत्येकासाठी हे कर' असे सांगावे. ह्यालाच लूप म्हणतात. आपण त्याला फेरा म्हणू.

समजा, एका संस्थेने दोनशे विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकात घेतले. आता प्रत्येकाचे बँकखाते चालू आहे की नाही, हे तपासावयाचे आहे. फेरा सुरू होतो. पहिले नाव, तपासणी, उत्तर. दुसरे नाव, तपासणी, उत्तर. हाताने जे काम चार दिवस चालले असते, ते चहा पिऊन होईपर्यंत उरकते. इथवर सर्व सोपे आहे. खरा प्रश्न पुढेच उभा राहतो. फेरा संपल्यावर आपण विचारतो, "झाले का?" संगणक म्हणतो, "झाले." ह्या 'झाले'चा अर्थ काय?

एका शब्दातले उत्तर

शाळेचा निकाल कसा लागतो ते पाहा. मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांना विचारले, "परीक्षा झाली का?" तर 'हो' हे उत्तर खरेच असते. पण त्या 'हो'मध्ये कोण उत्तीर्ण, कोण अनुत्तीर्ण, कोण आजारी म्हणून आलाच नाही, ह्यातले काहीही नसते. त्यासाठी गुणपत्रक लागते, आणि गुणपत्रकात प्रत्येक ओळीला नाव व गुण एकत्र असावे लागतात. नुसते गुण लिहिले आणि नावे लिहिली नाहीत, तर त्या कागदाची किंमत शून्य.

संगणकाच्या जुन्या व सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत, म्हणजे बॅश नावाच्या आज्ञाभाषेत, प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे काम ठीक झाले. दुसरा कोणताही अंक म्हणजे बिघाड. परंतु हा अंक ठेवण्याची जागा एकच आहे. दुसऱ्या आज्ञेचा अंक आला की पहिलीचा पुसला जातो. म्हणून दोनशे नावांचा फेरा संपल्यावर आपण तो अंक पाहिला, तर तो फक्त शेवटी चाललेल्या आज्ञेचा असतो. मधली चाळीस नावे बिघडली आणि शेवटचे नीट गेले, तर उत्तर येते शून्य, म्हणजे सर्व कुशल! फळा पुसून पुसून लिहिणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात उशिरा आलेल्या पाहुण्याला शेवटचेच उदाहरण दिसावे, तशातला हा प्रकार आहे.

ह्यावर काही जण दुसरा उपाय करतात. 'पहिली चूक होताच थांब' अशी आज्ञा ते आरंभीच लिहितात. हा उपाय काही ठिकाणी योग्यच आहे. पण दोनशेपैकी सातव्या नावाला अडचण आली, तर उरलेल्या एकशे त्र्याण्णव जणांचे काम होतच नाही. एकाच्या खात्यातील दोषापायी सर्वांची रांग खोळंबावी, हेही बरे नव्हे. ह्या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग एकच: सर्वांचे काम करीत जावे आणि प्रत्येकाचे उत्तर त्याच्या नावासमोर लिहून घ्यावे.

सात यंत्रे झाली, आठवे राहिले

ही काळजी घेतली नाही तर काय घडते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. नाइट कॅपिटल ही शेअरबाजारात प्रचंड उलाढाल करणारी कंपनी होती. २०१२ च्या जुलैअखेरीस तिने आपल्या खरेदीविक्रीच्या आठ संगणकांवर नवी आज्ञावली बसविण्याचे काम हाती घेतले. काम साधे होते. एकच कृती आठ वेळा करावयाची. सात संगणकांवर ती झाली आणि आठव्यावर झाली नाही. झालेल्या कामावरून दुसऱ्या कोणी नजर फिरवावी, असा लेखी नियम तेथे नव्हता. त्यामुळे आठवा संगणक राहिला आहे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

त्या आठव्या यंत्रात २००३ पासून वापरातून गेलेला आज्ञांचा एक जुना भाग तसाच पडून होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला आणि नव्या कामासाठी दिलेल्या खुणेने तो जुना भाग जागा झाला. ग्राहकांच्या केवळ २१२ मागण्या पुऱ्या करताना त्या यंत्रणेने सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांहून अधिक व्यवहार केले. कंपनीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. अमेरिकेच्या रोखेबाजार आयोगाने चौकशी करून ऑक्टोबर २०१३ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड ठरविला. चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेने बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ईपत्र संदेश कर्मचाऱ्यांना पाठविले होते. पण त्यांना धोक्याची सूचना मानून कोणी वाचलेच नाही.

ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. आठातून सात म्हणजे 'जवळजवळ सर्व' नव्हे. राहिलेले एकच सर्वांना बुडवू शकते. आणि निकाल नुसता नोंदला जाऊन भागत नाही. कोणीतरी तो वाचून त्याप्रमाणे हात हलविला पाहिजे.

ॲन्सिबलची नोंदवही

अनेक संगणकांवर एकाच वेळी कामे करविण्यासाठी आज जी साधने प्रचलित आहेत, त्यांत ॲन्सिबल हे नाव पुढे येते. मायकेल डीहान ह्यांनी ते २०१२ मध्ये लोकांपुढे ठेवले. रेड हॅट कंपनीने २०१५ मध्ये ते विकत घेतले, आणि २०१९ मध्ये रेड हॅट स्वतः आयबीएमच्या छत्राखाली आली. ह्या रेड हॅटचे मोठे कार्यालय आपल्या पुण्यात आहे. गंमत अशी की, 'ॲन्सिबल' हा शब्द मुळात उर्सुला ले ग्विन ह्या लेखिकेच्या १९६६ सालच्या विज्ञानकादंबरीतला. ताऱ्यांच्या अंतरावरूनही तत्क्षणी निरोप पोहोचविणाऱ्या काल्पनिक यंत्राचे ते नाव होय.

ॲन्सिबलच्या आज्ञापत्राला प्लेबुक म्हणतात. त्यातील कोणत्याही कामाखाली 'रजिस्टर' हा शब्द लिहून पुढे एक नाव द्यावे, म्हणजे त्या कामाचा निकाल त्या नावाने जपून ठेवला जातो. आपण ते नाव 'निकाल' असे धरू. काम एकदाच करावयाचे असेल, तर 'निकाल' म्हणजे एकच चिठ्ठी. परंतु कामाला फेरा लावला की त्याचे रूप पालटते. आता 'निकाल' ही एक वही होते, आणि तिच्यात 'रिझल्ट्स' नावाची यादी असते. फेऱ्यातील प्रत्येक नावासाठी त्या यादीत एक स्वतंत्र पान. त्या पानावर 'आयटम' म्हणून मूळ नाव लिहिलेले असते. 'फेल्ड' म्हणजे काम फसले काय, 'चेंज्ड' म्हणजे काही बदल झाला काय, हे असते. आणि आज्ञा चालविली असल्यास तिचा अंक व तिने छापलेला मजकूरही असतो. नाव आणि निकाल एकाच पानावर, हेच ह्या वहीचे मर्म.

नवशिके येथेच अडखळतात. एकेरी कामाची सवय असल्याने ते थेट 'निकाल' ह्यातून अंक मागतात, आणि यंत्र म्हणते, असा अंक येथे नाही. कारण अंक वहीच्या मुखपृष्ठावर नसून आतल्या पानांवर असतो. म्हणून दुसरा फेरा लावावा लागतो, तो यादीवरून नव्हे तर 'रिझल्ट्स'वरून. पहिला फेरा काम करणारा आणि दुसरा काम तपासणारा. पुष्कळ लोक पहिला लिहितात आणि दुसऱ्याचा कंटाळा करतात. सारी गोम तेथेच आहे.

एका नावाचे काम फसले, तरी ॲन्सिबल त्या यंत्रावरचा फेरा मध्येच सोडीत नाही. उरलेली नावे पुरी करते आणि मग संपूर्ण काम फसले असे जाहीर करते. त्यानंतर मात्र त्या यंत्रावरची पुढची कामे थांबतात, म्हणजे आपला तपासणीचा दुसरा फेराही चालत नाही. म्हणून 'चुकीकडे तूर्त दुर्लक्ष कर' अशी सवलत पहिल्या फेऱ्याला देण्याचा प्रघात आहे. ही सवलत म्हणजे उधारी आहे. पुढे तपासणी करून ती फेडावीच लागते. सवलत दिली आणि तपासणी लिहिलीच नाही, तर आपण आपल्या हाताने चूक झाकली असे होते.

अनुत्तीर्ण, गैरहजर आणि कोरी जागा

गुणपत्रकात शून्य गुण आणि 'गैरहजर' ह्यांत किती अंतर आहे, हे कोणाही शिक्षकाला सांगावे लागत नाही. शून्य मिळालेल्याने पेपर दिला आहे. गैरहजर असलेल्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही. दोघांना एकाच रकान्यात टाकले, तर दोघांवरही अन्याय होतो.

ॲन्सिबलमध्ये हा भेद 'स्किप्ड' ह्या शब्दाने दाखवितात. 'अमुक अट पुरी होत असेल तरच कर' असे आपण लिहिले असेल आणि एखाद्या नावाला ती अट लागू पडली नाही, तर ते नाव वगळले जाते. त्याचे पान वहीत असते, पण त्यावर अंक नसतो, मजकूर नसतो. 'वगळले' एवढेच असते. अशा वेळी 'फेल्ड आहे काय?' असे विचारले, तर उत्तर 'नाही' येते. भोळा माणूस त्याचा अर्थ 'उत्तीर्ण' असा करतो. खरे पाहता परीक्षाच झालेली नसते. म्हणून तपासणी करताना तीन ढीग वेगळे करावेत: झालेली, फसलेली आणि वगळलेली. तिसऱ्या ढिगात अपेक्षेपेक्षा जास्त नावे दिसली, तर आपली अटच चुकीची लिहिली गेली आहे काय, हे पाहावे.

फसणे ह्या शब्दाचाही नीट विचार करावा लागतो. ग्रेप नावाची एक शोधक आज्ञा आहे. शब्द सापडला तर ती शून्य देते, सापडला नाही तर एक देते, आणि शोधताच आले नाही, उदाहरणार्थ फाईलच नसली, तर दोन देते. यंत्राच्या दृष्टीने एक आणि दोन ही दोन्ही अपयशेच. पण 'पाहिले, नाही' आणि 'पाहताच आले नाही' ही उत्तरे एक नव्हेत. 'विहिरीला पाणी नाही' आणि 'विहिरीपर्यंत गेलोच नाही' ह्यांत जेवढा फरक, तेवढाच येथे. 'कोणता अंक आला म्हणजे फसले समजावे' हे आपण स्वतः ठरवून लिहू शकतो, आणि ते विचारपूर्वक लिहिले पाहिजे.

रिकामी यादी

सर्वांत फसवा प्रसंग सर्वांत शांत असतो. यादीच रिकामी आली तर? फाईलचे नाव चुकले, रकाना बदलला आणि फेऱ्याच्या हाती एकही नाव लागले नाही. मग काम झालेच नाही; पण फसलेही कोणी नाही! 'फसलेले किती?' असे विचारले तर उत्तर येते शून्य, आणि आपण निश्चिंत होतो. ज्या वर्गात एकही विद्यार्थी नाही, त्या वर्गात अनुत्तीर्णही कोणी नसतो; म्हणून काही त्या वर्गाचा निकाल उत्तम ठरत नाही.

ह्यासारखीच दुसरी गोष्ट. पन्नास यंत्रांवर काम पाठविले आणि त्यांतील दोन बंद होती अथवा वाटेत संपर्क तुटला. जेथे भ्रमणध्वनीसाठी टेकडीवर चढावे लागते, त्या आपल्या भागातील लोकांना हे समजावून सांगणे नको. त्या दोन यंत्रांची वहीच तयार होत नाही. 'संपर्क झाला नाही' असे ॲन्सिबल शेवटच्या गोषवाऱ्यात सांगते. पण आपण फक्त हाती आलेल्या वह्या तपासल्या, तर न आलेल्या वह्यांचा प्रश्न आपल्याला सुचतही नाही. म्हणून मोजणी नेहमी दोन्हीकडून करावी. पाठविले किती आणि परत आले किती, हे दोन आकडे जुळल्याखेरीज बाकीची तपासणी सुरू करू नये.

खडूची खूण

ही शिस्त संगणकवाल्यांची मक्तेदारी आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या देशाने ती दारोदारी पाळून दाखविली आहे. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला दोन थेंब, हा अक्षरशः फेराच होता. डोस घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करीत. घरोघर फिरणारे पथक दारावर किंवा भिंतीवर खडूने अक्षर लिही. घरातील सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी', आणि एखादे मूल राहिले असेल, घराला कुलूप असेल किंवा नकार असेल, तर 'एक्स'. पुढच्या दिवशी पथक पुन्हा येई ते 'एक्स' असलेल्या घरांसाठी. पाहावे तर ह्यात सर्व काही आहे: प्रत्येक घराचा स्वतंत्र निकाल, तो त्याच घरावर लिहिलेला, न भेटलेल्याला 'झाले'त न धरणे, आणि दुसरा फेरा केवळ राहिलेल्यांचा.

आपल्या तालुक्यात घरे विरळ, वाड्या अरण्यात विखुरलेल्या. उळवी, गुंद, डिग्गी, कुंभारवाडा ह्या बाजूला एका वाडीहून दुसऱ्या वाडीला जाताना किती चालावे लागते, हे तेथल्या अंगणवाडी सेविका व आरोग्य कर्मचारी जाणतात. 'बहुतेक घरे झाली' असे लिहून मोकळे होण्याचा मोह अशाच ठिकाणी होतो. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा येथे आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिणपूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. ह्या यशाला लसीइतकाच त्या खडूच्या 'एक्स'चाही हातभार लागला आहे.

दुसरा फेरा लावताना

राहिलेल्यांसाठी पुन्हा फेरा लावणे ॲन्सिबलमध्ये अवघड नाही. वहीतील फसलेली पाने गाळून काढावी, त्यांवरची नावे घ्यावी आणि तीच नवी यादी करावी. यंत्र सुरू होण्यास विलंब लागतो अशा ठिकाणी 'यश येईपर्यंत थांबून थांबून प्रयत्न कर' असेही सांगता येते. किती वेळा आणि किती सेकंदांच्या अंतराने, हे आपण ठरवावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही कामे दोनदा केली तरी बिघडत नाही. दाराला कडी आहे ना, हे दोनदा पाहिले म्हणून नुकसान होत नाही. परंतु काही कामे दोनदा होता कामा नयेत. पैसे पाठविण्याचा फेरा मध्येच तुटला आणि निकाल न वाचता तो पहिल्यापासून पुन्हा लावला, तर काहींना दुप्पट रक्कम जाईल आणि ज्यांना मिळालीच नव्हती ते कदाचित तसेच राहतील. अशा वेळी वही हाच एकमेव आधार असतो.

ही वही जपूनही ठेवावी लागते. रजिस्टर केलेला निकाल केवळ स्क्रिप्ट चालू असेपर्यंतच स्मरणात राहतो. तो हवा असल्यास फाईलीत उतरवून घ्यावा. दोन कामांच्या निकालांना एकच नाव देऊ नये. दुसरे काम वगळले गेले तरी त्या नावाखालची पहिली नोंद पुसली जाऊन 'वगळले' हीच नोंद उरते. आणि वहीच्या प्रत्येक पानावर मूळ नोंद असल्यामुळे कोणाचा खातेक्रमांक वा आधारक्रमांक पडद्यावर उघडा पडत नाही ना, हेही पाहावे. छापील नोंदीतून असा मजकूर लपविण्याची सोय ॲन्सिबलमध्ये आहे.

ह्या उद्योगात पडलेल्या आपल्या मुलामुलींसाठी सर्व विवेचनाचे सार थोडक्यात मांडतो.

१. फेऱ्याआधी यादी मोजा. रिकामी असेल तर तेथेच थांबा.
२. प्रत्येकाचा निकाल नावासह नोंदा. एका शब्दातल्या 'झाले'वर विसंबू नका.
३. झालेले, फसलेले व वगळलेले असे तीन ढीग करा आणि त्यांची बेरीज मूळ यादीशी जुळते का ते पाहा.
४. चुकीकडे दुर्लक्ष करण्याची सवलत दिली असेल, तर तिच्या पाठोपाठ तपासणी लिहा.
५. दुसरा फेरा फक्त राहिलेल्यांचा लावा, आणि तो लावण्यापूर्वी काम दोनदा होण्यात धोका नाही ना, ह्याचा विचार करा.

आणि ज्यांना संगणकाशी कर्तव्य नाही, अशा वडीलधाऱ्यांनीही एक प्रश्न ध्यानात ठेवावा. कार्यालयात गेल्यावर "यादी पाठविली, काम झाले" असे कोणी सांगितले, तर नम्रपणे विचारावे, "आमच्या मुलीच्या नावासमोर काय लिहून आले?" हे विचारण्यात कोणावर अविश्वास नाही. फेरा लावणाऱ्याने स्वतःलाच विचारावयाचा जो प्रश्न, तोच आपण त्याला आठवून देतो. यादी कितीही लांब असो, तिच्यातील प्रत्येक नावामागे एक घर असते, आणि त्या घराच्या दृष्टीने दोनशेपैकी एकशे नव्याण्णव हा निकाल नसतो. एक तर झाले, नाही तर राहिले.